गोळी एक, नावं तीन

घर कुणाचंही असो, औषधांचा एक डबा असतोच. आमच्या अम्मीचा डबा बिस्किटांचा होता. त्यातल्या दुखण्यावरच्या गोळीला आम्ही कधी औषध मानलंच नाही.

काही वर्षांपूर्वी माझी दाढ ठणकू लागली. जेवण सुटलं. तीन दिवस मी गोळ्या घेत राहिलो. एक दाढेची, एक अंगदुखीची, एक सर्दीची. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, ‘‘चाचा, दुखण्यावर काय काय घेतलंत? पाकिटं मागवा.’’ तिन्ही पाकिटांवर नावं निराळी, आत औषध एकच : पॅरासिटामॉल.

हा साधा प्रश्न विचारायला वैद्यकाला बराच काळ लागला. पॅरासिटामॉल १८७८ साली मोर्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं तयार केलं. ते दुकानांत रुळलं १९५५-५६ नंतर. जास्त मात्रेनं माणसाचं यकृत निकामी होतं, हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापलं ते १९६६ मध्ये. १९७३ मध्ये कारण उलगडलं. या औषधापासून यकृतात थोडं विष तयार होतं आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते निपटतो. गोळ्या वाढल्या, पोट उपाशी राहिलं, की हा साठा संपतो. १९७०च्या दशकातच एडिंबरोच्या डॉ. प्रेस्कॉट यांनी अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा शिरेतून देऊन दाखवला. आठ तासांत दिला तर यकृत बहुधा वाचतं.

१९७५ मध्ये रक्तातलं प्रमाण पाहून धोका सांगणारा आलेखही आला. पण तो एकाच वेळी गोळ्या घेतलेल्यांसाठी. माझ्यासारखा, थोड्या थोड्या करून चुकणारा, त्यात बसत नाही. त्याच्या रक्तात औषध कमी सापडेल, तरी यकृत दुखावलेलं असू शकतं. म्हणून यकृताची तपासणीही करावी लागते. शिवाय पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतच नाही. ‘आपण जास्त घेतलं’ असं रुग्ण सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊकच नसतं.

मला तोच उतारा सलाइनमधून मिळाला. वेळेत मिळाला, म्हणून आज बोलतो आहे.

गोळी वाईट नाही. धडधाकट प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही शेवटची हद्द. दारू पिणाऱ्यांची, यकृत अधू असलेल्यांची हद्द त्याहून अलीकडे. मी शब्दांचा माणूस. पाकिटावरचं ठळक नाव वाचलं आणि खालची बारीक ओळ सोडून दिली. तुम्ही ती वाचा. आणि दवाखान्यात जाताना रिकामी पाकिटंही सोबत न्या.