गोगलगाय आणि पोटात पाय



भिंतीवरची पाल, कुंपणावरचा सरडा, बांधावरची घोरपड ही आपली जुनी शेजारी मंडळी. तिकडे अमेरिकेतल्या फ्लोरिडात मात्र हौसेने पाळायला आणलेले हिरवे इग्वाना सरडे मोकळे सुटले आणि वस्तीतल्या बागा खाऊ लागले. कोणी म्हणेल, 'असली पीडा आपल्याकडे नाही बुवा!' सरड्याची नसेल, पण शंखाची आहे.

२०२२ सालचा खरीप आठवा. लातूर भागात सोयाबीन उगवले, आणि कोवळी रोपे रातोरात नाहीशी झाली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. बी गेले, खत गेले, हंगामही गेला. बीड आणि धाराशिवकडेही तेच घडले. शासनाला भरपाई जाहीर करावी लागली. नांदेडच्या शेतकऱ्यालाही हा शत्रू आता अनोळखी नाही. त्याचे नाव शंखी गोगलगाय.

ही मूळची आपली नव्हे. तिचे माहेर पूर्व आफ्रिका. तिथून ती मॉरिशस बेटावर गेली. १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून काही जिवंत गोगलगाई कलकत्त्याला आणल्या, आणि चौरंगी भागातल्या एका बागेत त्या सोडल्या गेल्या. पुढे रोपांच्या कुंड्या, माती आणि मालाबरोबर ती देशभर पसरली. तिला पंख नाहीत, धावता येत नाही. प्रवासाची सोय माणसानेच केली.

आता तिची करामत पाहा. एकाच जिवात नर आणि मादी दोन्ही असतात. एका वेळी ती १०० हून अधिक अंडी मातीत घालते, दिसायला साबुदाण्यासारखी. उन्हाळ्यात शंखाचे तोंड बंद करून ती महिनोन्‌महिने निजून राहते आणि मृगाचा पाऊस पडला की जागी होते. नेमके त्याच वेळी आपले सोयाबीन दोन पानांवर असते. सोयाबीनही मूळचे चीनकडचे, पण तो पाहुणा आपण बोलावलेला. न बोलावलेल्या पाहुणीने त्याच्याच ताटावर हात मारला! शंख वाढायला तिला चुना लागतो, म्हणून घरांच्या भिंतींवरही ती चढलेली दिसते.

जगाने तिच्यावर नाना उपाय केले. हवाई बेटांवर १९५५ मध्ये तिला खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडली. तिने तिथल्या निरुपद्रवी देशी गोगलगाईंचाच फडशा पाडला. म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम झाले. याउलट फ्लोरिडातली गोष्ट ऐका. १९६६ साली एका मुलाने हवाईहून ३ गोगलगाई आणल्या. त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत १८,००० हून अधिक सापडल्या! पण तिथे घरोघर शोध घेऊन, वेचून आणि विषारी आमिष टाकून १९७५ पर्यंत त्यांचा बंदोबस्त केला गेला.

आपल्यासाठी धडा हाच. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, बांध स्वच्छ ठेवावेत. पावसाळ्यात गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी शेतात ठेवावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगाई वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून माराव्यात आणि खड्ड्यात पुराव्यात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरायच्या तर कृषी सहायकाला विचारून, गुरे-कुत्री दूर ठेवून. आणि गुरुजी, मुलांना एवढे अवश्य सांगा : उघड्या हाताने तिला शिवू नका. तिच्या अंगात मेंदूला इजा करणारे जंत असू शकतात.

एकट्याने आपले शेत साफ करून भागत नाही. शेजारच्या बांधावरून ती पुन्हा येते. माणसाच्या हातून ती आली, तेव्हा गावाने मिळूनच तिला आवरले पाहिजे. गोगलगाय आणि पोटात पाय, असे आपले वाडवडील म्हणत. गरीब दिसते म्हणून दुर्लक्ष करू नका. मृगाआधीच कामाला लागा.