काचेमागचा तिसरा दिवा

काँटेसा जुळवली जायची बंगालात, उत्तरपाड्याला. पण काँटेसा क्लासिकचं इंजिन धार जिल्ह्यातलं. १९८४ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा तिच्या एवढ्या थोरल्या देहाला अँबॅसिडरच्या घराण्यातलं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं इंजिन ओढत होतं. पुढे हिंदुस्थान मोटर्सनं इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन बनवायला धार जिल्ह्यातल्या पीथमपुरात कारखाना घातला आणि काँटेसा खऱ्या अर्थानं पळायला लागली. त्याच दशकात पुण्याकडच्या बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडाही पीथमपुरात आल्या, शिवाय आयशर आली. धार-देवासच्या पवारांच्या आणि इंदूरच्या होळकरांच्या या मुलखाला मराठी काही नवी नव्हती. कारखान्यांच्या निमित्तानं ती शेडमध्ये आणि गॅरेजातही पोचली.

काँटेसाचं उत्पादन २००२ साली थांबलं. आता ती हौसेनं सांभाळायची गाडी झाली आहे, आणि सांभाळणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो: मागच्या काचेत तिसरा ब्रेक लाइट लावायचा की नाही? मूळ आराखडा व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, १९७२ सालचा. त्यात मागे दोनच दिवे. तिसरा लावला तर गाडी बाटली असं मानणारे लोक आहेत, आणि त्यांचं गाडीवरचं प्रेम मला कळतं. तरीही मी लावा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे. त्याचं कारण या दिव्याच्या जन्मकथेतच सापडतं.

मोटारींच्या पहिल्या काळात ब्रेकचा दिवा बहुतेक गाड्यांना एकच असे, तोही एका बाजूला. मग दोन झाले. दोन झाल्यावर कित्येक वर्षं कुणाला आणखी काही करावंसं वाटलं नाही. १९७१च्या ओल्ड्समोबिल टॉरोनॅडोवर मागच्या काचेखाली आणखी दोन दिवे आले, १९७४च्या ब्युइक रिव्हिएरावरही आले. पण ती महागड्या गाड्यांची हौस राहिली. खरी सुरुवात एका मानसशास्त्रज्ञानं केली. जॉन व्होएव्होड्स्की हे त्याचं नाव. मागून बसणाऱ्या धडकांचं मूळ त्यानं पुढच्या गाडीच्या ब्रेकमध्ये शोधलं नाही. मागच्या चालकाच्या डोळ्यांत शोधलं. पुढचा थांबतोय हे मागच्याला उशिरा कळतं, हा त्याचा मुद्दा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ३४३ टॅक्सींना त्यानं मागे, मधोमध एक जादा दिवा बसवला आणि १६० टॅक्सी तशाच ठेवल्या. दिवा पिवळसर होता आणि ब्रेक जितका जोरात लागेल तितका तो भराभर लुकलुकायचा. कोणत्या चालकाला कोणती टॅक्सी मिळेल हे ठरलेलं नसे. त्यामुळे जपून चालवणारे सगळे एकीकडे गोळा झाले, असं म्हणायला जागा उरली नाही. दहा महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिवा असलेल्या टॅक्सींना मागून बसलेल्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी निघाल्या. चालकांच्या दुखापती आणि दुरुस्तीचा खर्चही जवळजवळ त्याच प्रमाणात उतरला. या प्रयोगावरचा त्याचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला.

मग अमेरिकी सरकारनं प्रयोग करून घेतले. वॉशिंग्टनच्या टॅक्सींवर दिव्यांच्या निरनिराळ्या मांडण्या लावून पाहिल्या: वर मधोमध एक, वर दोन बाजूंना दोन, आणि खालच्याच दिव्यांची वेगळी विभागणी. मधोमध उंचावर लावलेला एकटा, स्थिर, लाल दिवा सगळ्यांत सरस ठरला. पुढची गाडी ब्रेक लावत असताना होणाऱ्या धडका त्यानं निम्म्यावर आणल्या. टेलिफोन कंपन्यांच्या गाड्यांवर आणि न्यूयॉर्कच्या टॅक्सींवरही तोच अनुभव आला. १९८३ साली, एलिझाबेथ डोल वाहतूक खात्याच्या मंत्री असताना नियम झाला आणि १ सप्टेंबर १९८५ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीला तिसरा दिवा सक्तीचा झाला. युरोप १९९८च्या सुमारास त्या वाटेनं गेला.

हा एकच दिवा एवढं काय करतो? जुन्या गाडीच्या मागे रात्री चालवून पाहावं. टेल लाइट आणि ब्रेक लाइट बहुधा एकाच लाल काचेआड, एकाच बल्बमध्ये असतात: एक फिलामेंट ५ वॅटची, दुसरी २१ वॅटची. म्हणजे ब्रेक लागल्यावर नवा दिवा पेटत नाही, पेटलेलाच जास्त उजळतो. मागच्याला फरक ओळखावा लागतो. त्यात रिफ्लेक्टर काळवंडलेला, होल्डर गंजलेला, बॉडीची अर्थिंग कच्ची, की २१ वॅटचा उजेडही मरगळलेला दिसतो. तिसरा दिवा एरवी विझलेला असतो. तो पेटला याचा अर्थ एकच. शिवाय तो नजरेच्या उंचीवर असतो, त्यामुळे मधल्या गाडीच्या काचांतून आरपार दिसतो आणि दोन गाड्या मागचा चालकही आधीच सावध होतो.

या कुळकथेतला सगळ्यांत विचार करायला लावणारा आकडा मात्र १९९८चा आहे. अमेरिकी सरकारनं रस्त्यावरच्या खऱ्या अपघातांचा पुन्हा अभ्यास केला तेव्हा फायदा १९८७ साली ८.५ टक्के होता तो पुढे ४.३ टक्क्यांवर येऊन स्थिरावल्याचं दिसलं. कुठे निम्म्या धडका आणि कुठे चार टक्के! थोडा फरक मोजण्याच्या पद्धतीचा होता: टॅक्सींच्या प्रयोगात ब्रेक लावतानाच्याच धडका धरल्या होत्या, नंतर मागून बसलेल्या सगळ्या. पण खरं कारण सवय. नवा होता तोवर दिवा डोळ्यांत भरत होता. सगळ्यांकडे आला तसा तो रोजचा झाला. तरी एवढ्याशा दिव्याला ४.३ टक्के हे फळ थोडं नाही. अमेरिकेत या दिव्यांचा वर्षाचा खर्च २०.६ कोटी डॉलर, आणि वाचलेलं नुसतं मालमत्तेचं नुकसान ६५.५ कोटी डॉलर असा अंदाज त्याच अभ्यासानं मांडला. भारतातल्या रस्ते अपघातांत मागून बसलेल्या धडकांचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे, हे धरलं तर या हिशेबाचं वजन आपल्याला जास्तच जाणवावं.

आणि सवयीची दुसरी बाजू जुन्या गाडीवाल्यांनी मनावर घ्यावी. आज मागून येणाऱ्या तरुण चालकाची नजर तीन दिव्यांवर घडलेली आहे. काचेत लाल उजेड दिसला की त्याचा पाय हलतो. त्याच्यापुढे काँटेसा, फियाट किंवा अँबॅसिडर आली तर त्याला ओळखीच्या जागी काहीच दिसत नाही. खाली दोन मंद ठिपके उजळतात, तेही उन्हात फिके. एकेकाळी तिसरा दिवा असणं नवलाचं होतं, आता नसणं धोक्याचं झालं आहे, असं मला वाटतं.

एलईडीचा दिवा लावण्यात आणखी एक फायदा आहे. फिलामेंट तापून पुरता उजेड द्यायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो. एलईडी तत्काळ पेटते. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी साडेपाच मीटर पुढे सरकते, म्हणजे काँटेसाच्या लांबीहून जास्त. पीथमपुरात नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची वेगधाव पट्टी २०२१ साली प्रकाश जावडेकरांच्या हस्ते सुरू झाली. तिथल्या वेगांना हे मीटर आणखी वाढतात. पण तो हिशेब मुंबई-आग्रा रस्त्यावर रोज लागू पडतो. त्याच रस्त्यावर धार जिल्ह्यातल्या गणपती घाटात उतरणीला ट्रकचे ब्रेक निकामी होऊन किती माणसं गेली हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. ज्याचा ब्रेकच गेला त्याला पुढचा दिवा वाचवू शकत नाही. ज्याचा ब्रेक शाबूत आहे त्याला मात्र वेळ मिळवून देतो.

काम अवघड नाही. डिकीतल्या ब्रेक लाइटच्या वायरवरून लाइन घ्यायची, टेल लाइटच्या नव्हे. २१ वॅटचा तिसरा बल्ब लावला तर ब्रेकच्या स्विचवर पावणेदोन अँपिअरचा भार वाढतो आणि जुना स्विच तो फार काळ सोसत नाही; म्हणून एलईडी बरी. अमेरिकी गाड्यांत बऱ्याचदा ब्रेक आणि इंडिकेटर एकाच बल्बवर चालतात, तिथे मागून लाइन घेतली की तिसरा दिवा वळताना लुकलुकतो. अशा गाडीत लाइन थेट ब्रेक स्विचजवळून आणावी. साठच्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते. तिथे एलईडी उलटी जोडली जाते आणि पेटतच नाही.

दिवा काचेला आतून, मधोमध, उंच बसवावा आणि पत्र्याला भोक पाडू नये. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीसाठी २०२१ साली केंद्रानं केलेल्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे. पहिल्या काँटेसा २०३४ साली पन्नाशीच्या होतील. तेव्हा तपासणीच्या दिवशी क्लिपा सोडवून दिवा खाली उतरवता येईल, आणि परतताना रस्त्यावर पुन्हा लावता येईल.