कान दुखतो, पण आजार कानात नसतो: नसांच्या शोधाची गोष्ट

अनेक पेशंट सांगतात, "डॉक्टर, कान फार दुखतोय." दुर्बिणीने तपासावे तर कान स्वच्छ, पडदा शाबूत. "कान चांगला आहे" असे सांगितले की त्यांना वाटते, डॉक्टरांना काही सापडलेच नाही. पण दुखणे खरे असते. फक्त त्याचे मूळ दुसरीकडे असते. हे समजायला वैद्यकाला कित्येक शतके लागली.

आधी एक खुलासा. इथे नस म्हणजे संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन नावाचा मोठा वैद्य होता. तिथे माणसाचे शवविच्छेदन होत नसे, म्हणून तो माकडे आणि डुकरे तपासत असे. किंचाळणाऱ्या डुकराच्या गळ्यातील एक बारीक नस बांधली की त्याचा आवाज बंद होतो, हे त्याने लोकांसमोर करून दाखवले. ही नस म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या 'व्हेगस' या लांबलचक नसेची फांदी. व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये 'भटकी'. नाव अगदी योग्य आहे, कारण ती घसा, हृदय, फुप्फुसे करत पोटापर्यंत जाते.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या गेलेनने सात जोड्या मोजल्या. घशाची नस, व्हेगस आणि खांद्याच्या स्नायूकडे जाणारी नस या तिन्ही त्याने एकाच जोडीत धरल्या होत्या. 1664 मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी नऊ जोड्या मोजल्या, तरी या तिघी एकत्रच राहिल्या. त्या वेगळ्या करून आजची बारा जोड्यांची मोजणी 1778 मध्ये जर्मनीच्या सोमरिंग यांनी मांडली.

आता एकेका नसेचा माग शेवटपर्यंत काढणे सोपे झाले. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कच्या जेकबसन यांनी घशाच्या नसेची एक फांदी पडद्यामागच्या पोकळीत जाते हे दाखवले. जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिश आर्नोल्ड यांनी व्हेगसची एक छोटी फांदी कानाच्या नळीपर्यंत जाते हे सविस्तर वर्णन केले. आजही या नसा 'जेकबसनची नस' आणि 'आर्नोल्डची नस' म्हणूनच ओळखल्या जातात.

आर्नोल्डची नस तुम्ही कदाचित स्वतः अनुभवली असेल. कानातला मळ काढताना अचानक ठसका लागतो का? काही लोकांना लागतो. नळीच्या त्वचेला स्पर्श झाल्याचा निरोप व्हेगसमधून जातो आणि मेंदूला वाटते, घशातच काहीतरी अडकले आहे.

याच रस्त्याने उलटा गोंधळही होतो. ऐकण्याची नस वेगळी. पण कानाला स्पर्श आणि वेदना कळतात त्या जबड्याच्या, चेहऱ्याच्या आणि घशाच्या नसांतून, व्हेगसमधून आणि मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या नसांतून. इतक्या छोट्या अवयवाला इतके शेजारी! त्यामुळे अक्कलदाढ किडली, जबड्याचा सांधा सुजला, टॉन्सिल सुजले किंवा मान आखडली, तरी कळ कानात येऊ शकते. बहुतेक वेळा कारण असे साधेच असते.

पण कधी कधी साधे नसते. जिभेचा मागचा भाग, टॉन्सिल किंवा स्वरयंत्राजवळच्या कर्करोगात एका बाजूचा कान दुखणे हे सुरुवातीचे लक्षण असू शकते. आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटखा आणि बिडीचे प्रमाण पाहता हे विसरून चालणार नाही. असे पेशंट अनेकदा महिनोन्महिने कानात थेंब टाकत राहतात आणि मोलाचा वेळ निघून जातो.

कानाची आणखी एक नस लक्षात ठेवा. 'ग्रेट ऑरिक्युलर' ही नस मानेच्या बाजूच्या मोठ्या स्नायूवरून, त्वचेच्या अगदी खालून कानाच्या पाळीकडे चढते. एरवी ती सहसा दिसत नाही. कुष्ठरोगात मात्र ती जाड होते आणि मान दुसऱ्या बाजूला वळवली की दोरीसारखी उठून दिसते. 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा जंतू त्वचेत आणि नसांत घर करतो. त्यामुळे मानेवरची ही दोरी आणि अंगावरचा बधिर चट्टा डॉक्टरांना बरेच काही सांगून जातात. आज हा आजार औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लपवू नका, घाबरू नका.

मग तुम्ही काय करायचे?

- कान दुखत असेल तर तेल किंवा उरलेले थेंब टाकण्याआधी तो तपासून घ्या.
- कान चांगला असेल तर दात, जबडा, घसा आणि मानही तपासून घ्या.
- दोन-तीन आठवड्यांत दुखणे थांबले नाही, किंवा सोबत आवाज घोगरा होणे, गिळताना त्रास, तोंडात न भरणारी जखम, मानेत गाठ असे काही असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच जा. तंबाखूची सवय असेल तर ती न लपवता सांगा.

पुढच्या वेळी कानदुखीसाठी गेल्यावर डॉक्टर "आ करा" म्हणाले, तर आश्चर्य वाटू देऊ नका. ते तुमच्या कानाचे दुखणेच शोधत आहेत.