संकटातला हुकूम कोणाचा? महाराष्ट्रातील पोलीस, अग्निशमन आणि आपत्ती यंत्रणांची वाटचाल

दंगल, आग, पूर, भूकंप किंवा दहशतवादी हल्ला यांपैकी काहीही ओढवले तरी पहिल्या तासाभरात घटनास्थळी पोहोचतात ती माणसे ठरलेली असतात: जवळच्या पोलीस ठाण्याचे शिपाई, अग्निशमन दलाचे जवान, तलाठी आणि आसपासचे नागरिक. लष्कर, केंद्रीय दले आणि प्रशिक्षित बचाव पथके नंतर येतात. या सगळ्यांनी एकत्र काम करायचे तर हुकूम कोणाचा चालणार, हा प्रश्न महाराष्ट्रात जवळजवळ सव्वाशे वर्षे पुन्हापुन्हा उभा राहिला आहे. त्याची उत्तरे बहुतेक वेळा मोठी किंमत मोजल्यावरच सापडली.

१८९७ साली मुंबई इलाख्यात प्लेग पसरला तेव्हा सरकारने साथरोग कायदा केला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली. घरोघरी तपासणीसाठी गोरे सैनिक पाठवले गेले. हुकूम कोणाचा याबद्दल तिथे कसलीच शंका नव्हती, पण लोकांचा विश्वास अजिबात नव्हता. देवघरात शिरणाऱ्या, बायकांची तपासणी करणाऱ्या सैनिकांविषयीचा संताप २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीतून बाहेर पडला. रोगनिवारणाच्या कामात लष्करी बळ वापरण्याचा हा प्रयोग शहर कधीच विसरले नाही.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी याच्या अगदी उलट घडले. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच शेजारी कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लावायचा लाल बावटाही त्यावर नव्हता. दुपारी धूर दिसल्यावर बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. जहाज तिथेच बुडवावे की ओढून बाहेर न्यावे, यावर मात्र एकमत होईना. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचा दारूगोळा अधिकारी आणि अग्निशमन दल हे सगळे हजर होते, पण निर्णय घेऊन तो इतरांवर बंधनकारक करील असा एकही जण त्यांच्यात नव्हता. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. आगीशी झुंजणारे अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. त्यांच्या शौर्यात काहीच कमी नव्हते. कमतरता होती ती त्यांच्यामागच्या व्यवस्थेत.

दोनच वर्षांनी, फाळणीपूर्व दंगलींच्या काळात, ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत होमगार्ड संघटना उभी राहिली. त्यामागे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई होते. नोकरी-व्यवसाय सांभाळून पोलिसांना मदत करणारे स्वयंसेवक, ही कल्पना नंतर इतर राज्यांनीही उचलली. पन्नाशीच्या दशकात नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आले, आणीबाणीतील मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही तिथेच सुरू झाली. चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांनंतर १९६८ साली नागरी संरक्षण कायदा झाला. या साऱ्या रचनेच्या नजरेसमोर शत्रूची विमाने होती. पूर आणि भूकंप तिच्या विचारात फारसे नव्हते.

पुण्याजवळच्या पानशेत धरणाने ही उणीव त्याआधीच उघडी पाडली होती. १९६१च्या जुलैत अपूर्ण बांधकामाचे हे धरण धोक्यात आले, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूच्या पोत्यांची थप्पी रचून ते तोलून धरले. त्यामुळे १२ जुलैला बांध फुटला तो रात्री न फुटता सकाळी, आणि असंख्य पुणेकर वाचले. परंतु धरणावर काय चालले आहे याची स्पष्ट सूचना शहराला वेळेवर मिळाली नाही. पाटबंधारे खाते, लष्कर, पोलीस आणि महापालिका यांना जोडणारा धागाच नव्हता.

असा धागा प्रथम विणला गेला किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या बंदोबस्तामुळे राज्यभरची पोलीस यंत्रणा आणि मुंबईतले वरिष्ठ जागे होते. मुख्यमंत्री शरद पवार काही तासांतच किल्लारीत पोहोचले. दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे आठ हजार माणसे गाडली गेली होती. लष्कर आले, देशभरातून स्वयंसेवी संस्था आल्या आणि बघ्यांचे लोंढेही आले. पोलिसांना ढिगारे उपसण्याइतकीच ताकद ही गर्दी आवरण्यात घालवावी लागली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमातूनच जिल्हावार आपत्ती आराखडे आणि मंत्रालयातील नियंत्रण कक्ष यांचा पाया घातला गेला. जिल्ह्यातील सर्व यंत्रणांचा मध्यबिंदू जिल्हाधिकारी, हे सूत्र येथे पक्के झाले.

दिल्लीत मात्र आपत्ती हा विषय तोवर कृषी मंत्रालयाकडे होता, कारण सरकारी दृष्टीने आपत्ती म्हणजे प्रामुख्याने दुष्काळ. २६ जानेवारी २००१च्या भूजच्या भूकंपानंतर पंतप्रधान वाजपेयी यांनी सर्वपक्षीय राष्ट्रीय समिती नेमली आणि तिचे उपाध्यक्षपद पवारांना दिले. पुढच्या वर्षी हा विषय गृह मंत्रालयाकडे गेला. डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर, २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यसूचीतले विषय, पण ‘आपत्ती’ हा शब्द संविधानाच्या तिन्ही सूच्यांत कुठेच नाही. म्हणून समवर्ती सूचीतील सामाजिक सुरक्षिततेच्या नोंदीचा आधार घ्यावा लागला. कायद्याने पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि जिल्हाधिकारी अशा तीन पातळ्यांवर प्राधिकरणे आणली. जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सहअध्यक्ष केले, हे विशेष महत्त्वाचे. २००६ साली केंद्रीय दलांतून निवडलेल्या आठ बटालियनांचे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभे राहिले. त्यातली पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगाव परिसरात आहे.

हा कायदा संमत होण्याआधीच २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. दक्षिण मुंबईतल्या कार्यालयांना उपनगरांतला हाहाकार कळायला उशीर झाला. नाले महापालिकेचे, लोकल केंद्राच्या रेल्वेची, पोलीस राज्याचे, विमानतळ आणखी वेगळ्याच प्राधिकरणाचा, आणि या महानगरात जिल्हाधिकाऱ्याचा हात तोकडा. गावखेड्यात चालणारे सूत्र इथे लागू पडत नव्हते.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहा दहशतवाद्यांनी यंत्रणांमधली हीच दरी वेगळ्या रीतीने दाखवून दिली. हाती लाठ्या आणि जुन्या बंदुका असलेले पोलीस त्यांच्यासमोर उभे राहिले. गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन त्यांच्यातल्या कसाबला पकडून दिले. ताज हॉटेलच्या जळत्या खिडक्यांना शिड्या लावून अग्निशमन दलाने पाहुणे उतरवले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, म्हणजे एनएसजीचे, कमांडो हरियाणातील मानेसरहून येऊन कारवाईला लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. कारवाई २९ तारखेपर्यंत चालली आणि १६६ जणांचे प्राण गेले. राम प्रधान समितीने राज्याच्या यंत्रणेतील उणिवा तपासल्या. त्यानंतर मुंबईत एनएसजीचे केंद्र झाले, राज्याने ‘फोर्स वन’ हे स्वतःचे कमांडो दल उभारले आणि सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे गेली. तटरक्षक दल आणि सागरी पोलीस तिच्याशी जोडले गेले.

तरीही पहिली खबर बहुधा साध्या माणसाकडूनच येते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेल्याचे प्रथम ध्यानात आले ते एसटीच्या चालकाच्या. तळेगावची पथके त्यानंतर निघाली. ढिगाऱ्याखालून दीडशेहून अधिक मृतदेह निघाले. अशी खबर देण्यासाठी पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांना एकाच क्रमांकाने जोडणारी ११२ ही सेवा महाराष्ट्रात आली ती २०२१ साली.

२०२५ साली आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती होऊन महापालिकांच्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र नागरी प्राधिकरण नेमण्याची तरतूद झाली. मुंबईला तिची गरज २६ जुलै २००५ रोजीच कळली होती, कायद्याला ती मान्य व्हायला वीस वर्षे लागली.