जुनी मशीद, लाल देऊळ आणि दहा माणसं

सीएसएमटीहून स्लो लोकल सुटली की पहिलं स्टेशन लागतं मस्जिद. नाव ऐकून कोणालाही वाटेल की जवळच्या एखाद्या मुस्लिम मशिदीवरून ते पडलं असणार. पण जुन्या मुंबईकरांची समजूत वेगळी आहे. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सॅम्युएल स्ट्रीटवर ज्यू लोकांचं एक प्रार्थनाघर आहे. तिथले ज्यू मराठी बोलणारे, आणि त्यांच्या मराठीत सिनेगॉगला शब्द होता 'मशीद'. ही सगळ्यात आधीची, म्हणून 'जुनी मशीद'. स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच आलं असं मानतात.

गंमत बघा, याच धर्माचं पुण्यातलं प्रार्थनाघर लाल विटांचं आहे, तर पुणेकर त्याला 'लाल देऊळ' म्हणतात. मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ! आपल्या लोकांनी ज्यूंना कुठल्या खणात ठेवायचं याचा फार विचार केला नाही. जो शब्द हाताशी होता तो दिला आणि पुढे गेले. मला हा प्रकार मनापासून आवडतो.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे या इमारती, आणि त्या वाचवायच्या म्हणजे नक्की काय वाचवायचं, हा प्रश्न.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोकणातल्या ज्यूंना बेने इस्राएल म्हणतात. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे ही माणसं कोकणात गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी धर्मानुसार काम बंद, म्हणून गावानं नाव दिलं 'शनवार तेली'. आडनावं गावांवरून : केहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर. म्हणजे आडनाव ऐकून तुम्हाला काही कळणार नाही. हिंदी सिनेमातले 'बूट पॉलिश'वाले डेव्हिड, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

आता ती जुनी मशीद. ती बांधली सामाजी हसाजी दिवेकर उर्फ सॅम्युएल इझिकियल दिवेकर यांनी, १७९६ साली. दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि जिवंत परत आले. सुटका झाल्याच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं केलं. सॅम्युएल स्ट्रीट हे रस्त्याचं नावही त्यांचंच. १८६० मध्ये ते जवळच आजच्या जागी हललं. त्याचं हिब्रू नाव शाआर हारहमीम, म्हणजे कृपेचं द्वार.

मी मुलुंडचा, त्यामुळे ही लाईन रोजची. एकदा हे डोक्यात बसलं की पूर्ण सेंट्रल लाईन वेगळी दिसायला लागते. मस्जिदला दिवेकरांची मशीद. भायखळ्याला डेव्हिड ससून यांनी १८६०च्या दशकात बांधलेलं मागेन डेव्हिड, घड्याळाच्या मनोऱ्यासकट. त्याच आवारात ससून घराण्याच्या नावाच्या शाळा आहेत, आणि आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं मुस्लिम आहेत. चिंचपोकळीला ज्यूंची जुनी दफनभूमी. आणि मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनाला, ठाण्याला, सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात १८७९ सालचं शाआर हाशामाईम, स्वर्गाचं द्वार. ठाण्याहून पनवेलची गाडी पकडलीत तर तिथे बेथ एल, १८४९ सालचं. पुढे पेण, अलिबाग, रेवदंडा... अलिबागमध्ये तर 'इस्राएल आळी' नावाची आळीच आहे.

यातली ससूनांची सिनेगॉग्ज आणि बेने इस्राएलांच्या मशिदी यात एक मोठा फरक आहे आणि तो समजल्याशिवाय पुढचं कळत नाही. ससून बगदादहून आलेले व्यापारी, अफाट पैसेवाले. त्यांनी बांधलं ते शहराला दिसेल असं. पुण्याचं लाल देऊळ (१८६७) कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सनं डिझाईन केलं, ज्यानं डेक्कन कॉलेजही केलं. गॉथिक चर्चसारखा उंच मनोरा, विटा आणि काळा दगड. डेव्हिड ससून यांची समाधी तिथेच आहे. फोर्टमधलं, काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू (१८८४) त्यांचा नातू जेकब ससूनचं.

बेने इस्राएलांच्या मशिदी मात्र घाणे चालवणाऱ्या, फौजेत नोकरी करणाऱ्या, पुढे रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणाऱ्या लोकांनी वर्गणी काढून बांधल्या. कोकणातल्या मशिदी बाहेरून एखाद्या चांगल्या घरासारख्या दिसतात. उतरतं छप्पर, लाकडी जिना, आत सागवानी बाकं. पण आतली मांडणी ठरलेली. पश्चिमेच्या भिंतीत, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेला, हेखाल : तोरा ग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट. मध्यभागी कठडा असलेला चौथरा, तो तेबा. वर बायकांसाठी गॅलरी. छतापासून टांगलेले काचेचे दिवे, त्यात खोबरेल. एका बाजूला एलियाहू संदेष्ट्याची खुर्ची, मुलाच्या सुंतेच्या वेळी वापरायची. आणि भिंतींवर संगमरवरी पाट्या. देणगी कोणी दिली, कोणाच्या स्मरणार्थ दिली. हिब्रूत, इंग्रजीत, आणि मराठीत.

ती मराठी लक्षात ठेवा. मी परत येणार आहे तिच्याकडे.

आता वाचवण्याबद्दल. जुनी इमारत वाचवणं हा एक पूर्ण वेळ धंदा आहे हे आपल्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगत नाही. बृहन्मुंबईसाठी हेरिटेजचे नियम १९९५ साली आले. तेव्हापासून शहरात कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट या जमातीला काम मिळायला लागलं. विकास दिलावरी हे त्यातलं मोठं नाव. केनेसेथ एलियाहूचं काम त्यांनीच केलं. २०१९च्या फेब्रुवारीत ते पुन्हा उघडलं, तेव्हा सगळ्यांच्या ओळखीचा तो निळा रंग गेला होता आणि जुनी रंगसंगती परत आली होती. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत त्याला अवॉर्ड ऑफ मेरिट मिळालं. पैसा जेएसडब्ल्यू फाउंडेशन, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड अशा संस्थांकडून उभा राहिला.

या कामाचं मर्म आपल्याला पटकन समजेल असं आहे. जुनी भिंत चुन्याची असते. चुना ओलावा आत घेतो आणि बाहेर सोडतो, भिंत श्वास घेते म्हणा ना. मग कोणीतरी येतो, ओल दिसते, आणि वरून सिमेंटचा गिलावा मारतो. दोन वर्षं छान दिसतं. पण आत अडकलेला ओलावा बाहेर पडायची वाट शोधत राहतो, क्षार फुगतात, तुळयांची टोकं कुजतात. थोडक्यात, प्रॉडक्शनवर मारलेला हॉटफिक्स. मूळ सिस्टीम कशी चालते हे न समजता लावलेला पॅच. कॉन्झर्वेशनवाल्यांचं निम्मं काम असे पॅच काढण्याचंच असतं.

पण फोर्टमधल्या, ग्रेड मिळालेल्या, पर्यटकांना दिसणाऱ्या इमारतीला पैसा मिळतो. रेवदंड्याच्या आळीतल्या मशिदीला कोण देणार?

इथे दुसऱ्या प्रकारची माणसं लागतात : नोंद करणारी. जे वॉरंकर नावाचे एक अमेरिकन आर्किटेक्ट आणि प्राध्यापक आहेत. भारतातली सिनेगॉग्ज हा त्यांनी अक्षरशः करिअरचा विषय केला. एकेक इमारत मोजायची, नकाशे काढायचे, दर्शनी बाजू जलरंगात रंगवायची. केरळातल्या चेंदमंगलमच्या सिनेगॉगचं संग्रहालय झालं त्यातही त्यांचा हात होता. एक परका माणूस वर्षानुवर्षं सुट्टी मिळाली की टेप घेऊन आपल्या गल्ल्यांमध्ये फिरतोय... विचार करून बघा. इमारत उद्या पडली तरी ती कागदावर राहते. डॉक्युमेंटेशन लिहायला कंटाळणाऱ्या आपण सगळ्यांनी या माणसाला नमस्कार करावा.

अर्थात त्यांच्याही आधी घरचाच एक माणूस होता. हाईम सॅम्युएल केहीमकर. बेने इस्राएल मुलांसाठी मुंबईत १८७५ साली शाळा काढणाऱ्यांतले हे प्रमुख. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. चालीरीती, सण, गावं, सगळं. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण अशी ज्यू सणांची कोकणी घरातली नावं आज आपल्याला माहीत आहेत त्यात त्यांच्या नोंदींचा मोठा वाटा आहे. हस्तलिखित १८९७ साली तयार होतं. छापलं कधी? १९३७ साली, तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षं! लेखक तोपर्यंत गेलेले होते.

आता मूळ अडचण. ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. दहा नसतील तर तोराचं जाहीर वाचन होत नाही. म्हणजे इमारत सुरू आहे की बंद, याची व्याख्याच माणसांच्या आकड्यात आहे. आणि आकडा उतरत गेला. साधारण १९५०च्या सुमारास बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. इस्राएल देश झाल्यावर बहुतेक तिकडे गेले. आज भारतातले सगळे ज्यू मिळून काही हजार. त्यातलेही बरेचसे मुंबई-ठाण्यात. ठाण्याच्या मशिदीत माणसं आहेत. कोकणातल्या कित्येक मशिदी सणापुरत्या जागतात, एरवी एखादं कुटुंब किल्ली सांभाळतं आणि दिवा लावतं.

केरळात हाच प्रश्न आधी आला. तिथे उत्तरं दोन निघाली. चेंदमंगलम आणि परवूरची सिनेगॉग्ज संग्रहालयं झाली. मट्टनचेरीतल्या कडवुंभागम सिनेगॉगचं तर आतलं सगळं लाकूडकाम उचलून जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये नेऊन पुन्हा उभारलं. दोन्ही कामं उत्तम झाली आहेत, आणि दोन्ही ठिकाणी ते प्रार्थनेचं घर राहिलेलं नाही.

महाराष्ट्रात अजून उशीर झालेला नाही, असं मला वाटतं. पण इथे एक गोष्ट वेगळी आहे, आणि म्हणूनच हा लेख. वॉरंकरांसारखा माणूस भिंत मोजू शकतो. हिब्रू वाचणारे जगात लाखो आहेत. पण त्या पाट्यांवरची, थडग्यांवरची आणि जुन्या वहीखात्यांतली मराठी? १८७४ साली पुण्यात छापलेला मराठी हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, त्यातल्या चित्रात बायका लुगडं नेसून बेखमीर भाकरी करतायत. १८८० पासून हे लोक बायबलातल्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं करत होते, आपल्यासारखीच, अभंग-ओवीच्या चालींवर. इस्राएलला गेलेल्या पिढीनं 'मायबोली' नावाचं मराठी मासिक तिथे चालवलं. त्यांच्या नातवंडांची भाषा आता हिब्रू आहे. म्हणजे पुढची पन्नास वर्षं ही मराठी वाचू शकणारे कोण उरणार? आपणच.

दगड वाचवायला आर्किटेक्ट लागतो, पैसा लागतो, परवानग्या लागतात. पाटी वाचायला फक्त मराठी येणारा आणि शनिवार सोडून रविवारी मोकळा असलेला माणूस लागतो. असे आपण भरपूर आहोत :)

जायचं असेल तर आधी फोन करा. २००८ साली नरिमन हाऊसवर हल्ला झाल्यापासून बाहेर पोलीस असतात, ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि फोटोला विचारल्याशिवाय हात घालायचा नाही. डोकं झाकून आत जायचं. सांभाळणारे काका-काकू बहुधा मराठीतच बोलतील आणि चहा विचारतील. त्यांच्याशी बोला, त्यांनी परवानगी दिली तर पाटीवरची नावं उतरवून घ्या, आणि उतारा त्यांच्याकडेही एक प्रत म्हणून द्या. बॅकअप दोन ठिकाणी असलेला बरा, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

असो. पुढच्या रविवारी पनवेलचा बेत आहे. कोणी येणार असेल तर सकाळी साडेसातला ठाण्याला, पनवेल गाडीच्या प्लॅटफॉर्मवर.