सायकलच्या टप्प्यातला इतिहास

सायकलवरची सहल म्हटली की आपल्याला मोठमोठे प्रवास आठवतात. १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. त्यांच्या हिमतीला सलाम. मी मात्र आज अगदी छोट्या सहलीविषयी बोलणार आहे. सकाळी भाकरी फडक्यात बांधून निघायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं, एवढीच ती सहल.

अशा सहली सायकलइतक्याच जुन्या आहेत. इंग्लंडमध्ये सायकलवरून भटकणाऱ्यांचा क्लब निघाला तो १८७८ मध्ये. तेव्हा सायकलचं पुढचं चाक छातीएवढं उंच असे. पडलं तर दात जायचे! १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी सारख्या उंचीच्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ आणली. १८८८ मध्ये डनलप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मग साध्या माणसालाही घोड्यावाचून, तिकिटावाचून गावाबाहेर पडता येऊ लागलं. आपल्याकडे ती आधी साहेबाची होती. मग पोस्टमनची, दूधवाल्याची, मास्तरांची झाली. १९५१ मध्ये ‘ॲटलस’ आणि १९५६ मध्ये ‘हीरो’ कंपनी सुरू झाली, आणि सायकल घरोघरी आली. माझ्या कॉलेजच्या दिवसांत ती तासावर भाड्याने मिळे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दिवसाच्या बोलीवर घेत असू.

माझं शहर आजचं छत्रपती संभाजीनगर. २०२३ पर्यंत औरंगाबाद. त्याही आधीचं नाव खडकी. मलिक अंबरने १६१० मध्ये ते वसवलं. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. त्याने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. सायकलची बाटली भरून आम्ही निघायचो, ते छावणीवरून, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर या वाटेने. वेरूळपर्यंत साधारण तीस किलोमीटर.

बसने गेलं तर या रस्त्यावर दोन-तीन थांबे लागतात. गाईड उतरवतो, दाखवतो, परत बसवतो. सायकलवर तसं होत नाही. मधलं काहीच गाळता येत नाही. चढ आला की उतरावं लागतं, आणि उतरलं की आजूबाजूला बघावं लागतं.

पहिला मोठा टप्पा दौलताबाद. यादवांची देवगिरी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथे चालून आला, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. पण याच किल्ल्यावर सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी अधिकारी होते, आणि पैठणचा एकनाथ नावाचा मुलगा त्यांच्याकडे शिकायला आला, हे आपण विसरतो. मुसलमानी अमलातला किल्ला, त्यावर हिंदू गुरू आणि त्याचा ब्राह्मण शिष्य. पुढे नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे कडाकडा भांडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. नाथांना तो विषय का सुचला असेल, हे किल्ल्याच्या पायथ्याशी पंप मारत उभं राहिलं की उमगतं.

पुढे घाट. इथे सायकल हातात धरून चालायचं. मग कागजीपुरा लागतो. हातकागदाचं गाव. तुघलकाच्या काळात आलेल्या कारागिरांचं, असं सांगतात. लिहिणाऱ्या माणसाने इथे क्षणभर थांबावंच.

मग खुलताबाद. १७०७ मध्ये वारलेल्या औरंगजेबाची मातीची, उघडी कबर इथे आहे. गर्दी असते ती तिथेच. पण ज्याने अकबराच्या आणि जहांगीरच्या फौजांना दख्खनेत घाम फोडला, तो मलिक अंबरही याच गावात निजला आहे. १६२६ मध्ये तो वारला. तिथे फारसं कोणी जात नाही. अमीर हसन सिजझी हा फारसी कवीही इथलाच मुक्कामी. मुघल बादशहा आणि मुघलांशी जन्मभर लढलेला वजीर एकाच गावच्या मातीत आहेत. कोणाला आपलं म्हणायचं आणि कोणाला परकं, हा हिशोब इथे इतका सोपा राहत नाही.

इथून उतार. चार-पाच किलोमीटर पॅडल न मारता वेरूळ. लेण्यांसाठी जग येतं. बौद्ध, हिंदू, जैन, तिन्ही एका रांगेत. पण वेरूळ हे भोसल्यांचंही गाव. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथले. घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला, आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी. मालोजींना मूल होत नव्हतं म्हणून अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला, आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत हे दोघे भाऊ मलिक अंबरच्या बाजूने मुघल आणि आदिलशाही फौजांशी लढले. शरीफजी तिथेच पडले.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मलिक अंबरची कबर आणि भोसल्यांचं गाव यांत सायकलने अर्धा तासही लागत नाही. पुस्तकात मात्र ही दोन वेगळी प्रकरणं असतात. अलीकडे तर दोन वेगळ्या समाजांची मालमत्ता असल्यासारखी वाटून घेतली जातात.

मी मराठीत कविता लिहितो. नाव ऐकून लोक कौतुकाने विचारतात, “तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?” त्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या प्रश्नात मी पाहुणा ठरतो. पूर्वी मी नुसता हसायचो. आता सांगतो, एखाद्या रविवारी माझ्याबरोबर सायकलवर चला. ज्या रस्त्याने नाथ गुरूकडे गेले, ज्या मुलखात मालोजींनी पिराच्या नावावरून मुलाचं नाव ठेवलं, तो माझ्या घरापासून सुरू होतो. इथल्या माणसाने मराठीत लिहिलं तर नवल कसलं?

तुमच्या गावाभोवतीही तीस किलोमीटरचं एक वर्तुळ असेल. एखादी बारव, गढी, दर्गा, वीरगळ, ओसाड मठ. थंडीचे दिवस धरा. पहाटे निघा, कारण हमरस्त्यावर आता ट्रक फार. हवा भरून घ्या, पंक्चरचं सामान जवळ ठेवा. आणि जमलं तर दुसऱ्या मोहल्ल्यातला, दुसऱ्या आळीतला एक सोबती बरोबर घ्या. वाटेत त्याला त्याच्या आजीने सांगितलेली गोष्ट विचारा. ती तुमच्या आजीने सांगितलेल्या गोष्टीला कुठे तरी नक्की येऊन मिळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)