मुंबई–लंडन हवाई अंतर

मुंबई–लंडन हवाई अंतर म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील भूपृष्ठावरील सर्वांत कमी अंतर होय. ते सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हे अंतर कायम राहते. विमानाने प्रत्यक्ष कापलेले अंतर आणि त्यासाठी लागणारा वेळ मात्र बदलत असतो.

मार्ग

पृथ्वी गोलाकार असल्यामुळे दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. सपाट नकाशावर तो वक्र दिसतो. मुंबईहून वायव्येकडे निघणारी ही रेषा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, काकेशस, युक्रेन आणि मध्य युरोप यांवरून जाते. यांपैकी एखाद्या देशाचे हवाई क्षेत्र बंद झाल्यास विमानांना वळसा घालावा लागतो. युक्रेनचे हवाई क्षेत्र फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांसाठी बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले हवाई क्षेत्र बंद केले. वळशामुळे वेळ आणि इंधन दोन्ही वाढतात.

कालावधी

विनाथांबा प्रवासास मुंबईहून लंडनला साधारणतः साडेनऊ ते दहा तास लागतात. परतीचा प्रवास बहुधा त्याहून कमी वेळात होतो, कारण उंचावरील वेगवान पश्चिमी वारे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानास साहाय्य करतात.

भारतीय प्रमाणवेळ लंडनच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेपाच तास, तर उन्हाळी वेळेपेक्षा साडेचार तास पुढे असते. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान दहा तासांनी लंडनला पोहोचते, तेव्हा तेथे त्याच दिवसाचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तिकिटावरील वेळांची केवळ वजाबाकी केल्यास हा प्रवास साडेचार तासांचा भासतो.

इतिहास

इंपीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची सेवा सुरू केली. त्या प्रवासास सात दिवस लागत आणि युरोपातील काही टप्पा रेल्वेने पार करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले; त्यामुळे मुंबई या हवाई टपालमार्गाशी जोडली गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला रवाना झाले. ही या कंपनीची पहिली आंतरराष्ट्रीय सेवा होती.

घरापासूनचा प्रवास

उड्डाणाचा कालावधी म्हणजे संपूर्ण प्रवासाचा कालावधी नव्हे. भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावातून लंडनला शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणाऱ्यास मुंबईहून थेट विमान घ्यायचे झाल्यास आधी पुणे आणि द्रुतगती मार्गाने मुंबई गाठावी लागते. त्यात विमानतळावरील तपासणीचा वेळ मिळवला, तर उड्डाणापूर्वीच दिवसातील बरेच तास खर्ची पडतात.